अंगकोरचा चिनी पाहुणा : दगडांनी न सांगितलेले शहर

कंबोडियातील ता प्रोह्म मंदिराच्या इ. स. ११८६ च्या संस्कृत शिलालेखात एक आकडा आहे : ७९,३६५. या एका देवळाच्या सेवेला इतकी माणसे जोडून दिली होती. ६१५ नर्तकींचीही नोंद आहे. तांदूळ किती, तूप किती, मेण किती, वस्त्रे किती, सारे काटेकोर मोजून कोरले आहे. पण त्या ७९,३६५ माणसांपैकी एखादा माणूस सकाळी उठून काय खात होता, कुठे नाहत होता, बाजारात कोणाशी घासाघीस करत होता, याविषयी त्या दगडावर एक अक्षर नाही.

आजचा धागा त्या माणसांविषयी आहे. थोडा लांब आहे, पण सवडीने वाचावा.

अंगकोर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर देवळे उभी राहतात. परंतु नवव्या शतकापासून पंधराव्या शतकापर्यंत ही ख्मेर राज्याची राजधानी होती आणि आपल्या काळातील जगातल्या मोठ्या नगरांपैकी एक होती. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने तेराव्या शतकातील बृहद् अंगकोरची लोकसंख्या सात ते नऊ लाखांच्या घरात असावी, असा अंदाज मांडला आहे. मग एवढ्या माणसांची घरे गेली कुठे? उत्तर साधे आहे. अंगकोरात दगड देवांसाठी होता. माणसे, अगदी राजासुद्धा, लाकडाच्या वास्तूत राहत. लाकूड, बांबू, गवत, ताडपत्रे, सारे पाऊस आणि वाळवी यांच्या पोटात गेले. मागे राहिले सुमारे बाराशे शिलालेख, आणि त्यांत बहुतांश देवांची स्तुती, राजांची स्तुती, दानांच्या याद्या आणि दान बुडवणाऱ्यास शाप.

यात ख्मेर लोकांचा दोष नाही. स्वतःच्या चुलीविषयी कोण लिहून ठेवतो? चूल लिहिण्याजोगी वाटायला ती परकी वाटावी लागते. अंगकोरला असा एक परका माणूस लाभला, आणि तोही जवळजवळ एक वर्ष राहिलेला.

त्याचे नाव झोऊ दागुआन. चीनच्या पूर्व किनाऱ्यावरील वेन्झोऊ परिसरातला. तेव्हा चीनवर मंगोलांचे युआन घराणे राज्य करत होते आणि गादीवर कुबलाई खानाचा नातू तेमूर होता. ख्मेर राजाने आपले मांडलिकत्व मान्य करावे, यासाठी तेमूरने एक शिष्टमंडळ धाडले. झोऊ त्यातला एक. तो प्रमुख राजदूत नव्हता, आणि माझ्या मते हेच आपले भाग्य. प्रमुखाने दरबार पाहिला असता. याने बाजार पाहिला. इ. स. १२९६ मध्ये त्याने वेन्झोऊचा किनारा सोडला, वाऱ्यांनी दगा दिल्याने रखडत ऑगस्टमध्ये तो राजधानीत पोहोचला, आणि पुढच्या वर्षीच्या मध्यापर्यंत तेथे राहिला. परतल्यावर त्याने झेनला देशाच्या (चिनी लोक कंबोडियाला या नावाने ओळखत) चालीरीतींवर एक छोटेसे पुस्तक लिहिले. चाळीस लहान लहान प्रकरणे. अंगकोर जिवंत असताना ते पाहून लिहिलेले हे एकमेव सविस्तर वर्णन आज आपल्याकडे आहे.

आरंभ तो तटबंदीपासून करतो. खंदक, त्यावरचे पूल, पुलाच्या प्रत्येक बाजूला चोपन्न पाषाणमूर्ती आणि त्यांच्या हातांत नवफणी नाग. पाच महाद्वारे, कारण पूर्वेला दोन. दारे रात्री बंद होत. सकाळी उघडली की कोणीही आत यावे. मनाई फक्त कुत्र्यांना, आणि शिक्षा म्हणून ज्यांच्या पायाची बोटे तोडली आहेत अशा गुन्हेगारांना. नगराच्या मध्यावर सोन्याने मढवलेले शिखर होते. ते आज आपण ज्याला बायोन म्हणतो ते मंदिर. समुद्रापारचे व्यापारी झेनलाच्या समृद्धीचा जो डंका पिटतात तो अशा शिखरांमुळेच असावा, असे त्याचे मत.

आणि अंगकोर वाट? जे पाहायला आज लाखो लोक जातात, त्याची बोळवण तो दक्षिणद्वाराबाहेरील 'लु बानची समाधी' म्हणून एका ओळीत करतो. लु बान म्हणजे चिनी दंतकथांतील महान कारागीर, आपल्याकडच्या विश्वकर्म्यासारखा. विष्णूसाठी बांधलेल्या देवळाला समाधी म्हणणे चूकच, पण नगरातल्या चिनी लोकांच्या तोंडी ते नाव असावे.

येथून पुढे झोऊ खरा रंगात येतो.

घरांपासून सुरुवात करू. मोठ्या अधिकाऱ्याच्या घरातही कौले फक्त कुलदेवतांच्या खोलीवर आणि मुख्य दालनावर. सामान्य माणसाच्या छपरावर गवत. कौलाचा एक तुकडाही चढवायची त्याची छाती नसे. म्हणजे नुसत्या छपरांवर नजर टाकली की कोणाची पायरी कोणती, हे कळावे. घरात मेज नाही, खुर्ची नाही. भात मातीच्या मडक्यात शिजतो, कालवण मातीच्या दुसऱ्या भांड्यात. तीन दगड जमिनीत रोवले की चूल झाली, आणि नारळाची करवंटी झाली की पळी. कालवणासाठी पानांचे लहान द्रोण. भात उचलायला पानाचाच चमचा, जेवण झाले की फेकून द्यायचा. झोप चटईवर. नुकतेच काही जण बुटक्या खाटा वापरू लागले आहेत, पण त्या बहुधा चिन्यांनी बनवलेल्या, असे तो नोंदवतो.

झोऊला हे सारे दारिद्र्याचे वाटले असावे. मराठी वाचकाला तसे वाटणार नाही. तीन दगडांची चूल, करवंटीची पळी आणि पानांचा द्रोण पाहायला आपल्याला कंबोडियात जावे लागत नाही. तेराव्या शतकातल्या चिनी माणसाच्या नजरेला जे विचित्र दिसले, त्यातले बरेचसे आपल्या आजीला ओळखीचे वाटले असते.

याचा कळस गाठला जातो शौचाच्या प्रकरणात. दोन-तीन कुटुंबे मिळून एक खड्डा खणतात, गवताने झाकतात, भरला की बुजवून दुसरा खणतात. नंतर तळ्यावर जाऊन डाव्या हाताने धुतात, कारण उजवा हात जेवणासाठी राखलेला. चिनी माणूस कागद वापरतो हे पाहून ते त्याला हसतात, आणि अशा माणसाला दारात उभे करायलाही काही जण राजी नसतात! प्रवासवर्णनांत पाहुणा यजमानांना हसतो, हा नित्याचा प्रकार. यजमान आपल्याला हसतात हे प्रामाणिकपणे लिहून ठेवणारा पाहुणा दुर्मीळ. शेतीच्या बाबतीतही तेच. चीनमध्ये सोनखत म्हणजे शेतकऱ्याचे धन. ख्मेर लोकांना त्याची किळस. तेव्हा तिकडे गेलेले चिनी लोक आपल्या देशात असे खत वापरतात हा विषयच काढत नाहीत.

खताची त्यांना गरजही भासत नसावी. वर्षातून तीन-चार पिके निघतात, असे तो सांगतो. पावसाळ्यात तोनले साप हे महासरोवर फुगते आणि ओसरताना गाळ ठेवून जाते. पाणी चढेल तसा उंच वाढणारा, माणसाच्या उंचीहून अधिक वाढणारा भातही त्याने पाहिला.

आता बाजार. येथे व्यापार जाणतात त्या बायका, पुरुष नव्हेत. रोज पहाटेपासून दुपारपर्यंत बाजार भरतो. दुकाने नाहीत, जमिनीवर चटई अंथरायची आणि माल मांडायचा. प्रत्येकीची जागा ठरलेली, आणि त्या जागेचे भाडे सरकारी माणसाला द्यावे लागते. लहान व्यवहार तांदळाने आणि चिनी मालाने, त्याहून मोठा कापडाने, फार मोठा असेल तर सोन्याचांदीने. नाणे नाही. इतके विशाल साम्राज्य नाण्यांवाचून चालले होते, ही गोष्ट झोऊच्या या दोन-तीन वाक्यांत दडलेली आहे आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तिच्यावर अवश्य विचार करावा.

या बायकांचे महत्त्व चिनी नावाड्यांनी नीट ओळखले होते. येथे उतरणारा चिनी माणूस पहिल्यांदा एखादी स्थानिक स्त्री घरात आणतो, एक कारण अर्थातच तिची व्यापारी हुशारी. तांदूळ सहज मिळतो, अंगावर फारसे कपडे लागत नाहीत, घर चालवणे सोपे, व्यापार सोपा. म्हणून कितीतरी नावाडी जहाज सोडून येथेच राहतात. पूर्वी लोक चिनी माणूस दिसला की त्याला देव मानून पायांवर लोटांगण घालत. आता चिनी इतके झाले आहेत की लोक त्यांना फसवूही लागले आहेत, अशी झोऊची तक्रार आहे. परदेशी पाहुण्यांच्या तोंडी ही तक्रार आजही ऐकू येते.

चीनमधून काय खपत होते? सोने, चांदी, रेशीम, कथील आणि लाखेची भांडी, हिरवट झिलईची चिनी मातीची भांडी, पारा, गंधक, कागद, लोखंडी कढया, छत्र्या, लाकडी फण्या, सुया. लाखेची भांडी वेन्झोऊची, म्हणजे झोऊच्या स्वतःच्या मुलखातली. परक्या बाजारात आपल्या गावचा माल पाहून त्याला काय वाटले, ते मात्र तो लिहीत नाही.

कापडाचे प्रकरण आपल्याला जवळचे आहे. स्त्रीपुरुष दोघेही कमरेला वस्त्र गुंडाळत, वरचे अंग उघडे, पाय अनवाणी. सयामचे कापड येई, चंपाचे येई. पण सर्वांत उंची मानले जाई ते पश्चिम समुद्राकडून येणारे, त्याच्या तलम पोतामुळे. अभ्यासक ते भारतीय कापड मानतात. कोणी कोणती नक्षी नेसावी याचे कडक नियम होते. सर्वांगावर फुलांची नक्षी असलेले वस्त्र फक्त राजाचे, त्याखाली दर्जा उतरेल तशी फुले कमी होत जात. नवखा चिनी माणूस चुकून आपल्या दर्जाबाहेरचे वस्त्र नेसला तर त्याला शिक्षा होत नसे. लोक त्याला 'आनतिंग बाशा' म्हणत, म्हणजे रीतभात न कळणारा. झोऊने कानाला ऐकू आले तसे चिनी अक्षरांत टिपलेल्या या शब्दांचे मूळ अभ्यासकांनी शोधले, तेव्हा शेवटी निघाला आपला 'भाषा' हा शब्द.

असे संस्कृत शब्द चिनी वेष घेऊन त्याच्या पुस्तकात जागोजागी भेटतात. धर्माच्या प्रकरणात तो तीन वर्ग सांगतो. पहिला 'बानजिए', गळ्यात पांढरे सूत घालणारे, राजदरबारी मोठी पदे मिळवणारे : पंडित. तिसरा 'बासिवेई', एका शिळेची पूजा करणारे : तपस्वी, आणि ती शिळा म्हणजे शिवलिंग. मधला वर्ग भिक्षूंचा. मुंडण, पिवळे चीवर, उजवा खांदा उघडा, दिवसातून एक जेवण. मासे-मांस खातात पण मद्य पीत नाहीत, हे पाहून झोऊला आश्चर्य वाटले, कारण चिनी भिक्षू शाकाहारी. शिवलिंगाचे उपासक आता थोडे उरले आहेत, असेही त्याच्या बोलण्यातून जाणवते. एक धर्म मावळत असताना आणि दुसरा, आजच्या कंबोडियाचा थेरवादी बौद्ध धर्म, रुजत असताना हा माणूस तेथे उभा होता. आपण काय पाहतो आहोत, हे त्याला ठाऊक नव्हते.

वर्षाचा आरंभ 'जियादे' महिन्याने होतो. ओळखलात? कार्तिक. राजवाड्यासमोर मोठा मंडप उभारतात, हजाराहून अधिक माणसे मावतील एवढा. दिवे, फुले, आणि शंभर फुटांहून उंच सांगाड्यांवर आतषबाजी. बाण शंभर ली अंतरावरूनही दिसत, बार असे उडत की नगर हादरावे. राजा परदेशी दूतांना पाहायला बोलावी. खर्च अधिकाऱ्यांनी सोसायचा.

येथवर वाचून हे नगर सुखी वाटेल. म्हणून गुलामांचे प्रकरण वगळता येत नाही.

घरोघरी राबायला डोंगरातून धरून आणलेली माणसे होती. श्रीमंताकडे शंभराहून अधिक, मध्यम घरात दहा-वीस, अगदी गरिबाकडेच एकही नाही. धडधाकट तरुण गुलामाची किंमत कापडाचे शंभर नग. म्हातारा-दुबळा तीस-चाळीसांत मिळे. घरे खांबांवर उभारलेली असत. गुलामांनी बसायचे-झोपायचे ते घराखाली. कामासाठी वर चढायचे झाल्यास आधी गुडघे टेकायचे, हात जोडायचे, लोटांगण घालायचे. धन्याला बाप म्हणायचे आणि धनिणीला आई. मार बसताना मान खाली घालून निश्चल राहायचे. पळाला आणि सापडला, तर चेहऱ्यावर निळे गोंदण, किंवा गळ्यात लोखंडी कडे.

झोऊ हे सारे ज्या सुरात द्रोणांविषयी लिहितो त्याच सुरात लिहितो. त्याला त्यात काही खटकत नाही. या लोकांना तो सहज रानटी म्हणून जातो. पण त्याचे पुस्तक नसते तर हे माणूसही इतिहासातून गेले असते. ता प्रोह्मच्या लेखातील ७९,३६५ या आकड्याकडे पुन्हा पाहा. ती 'सेवा' प्रत्यक्षात काय असू शकते, याची थोडी कल्पना आता येईल.

राजाचे वर्णन थोडक्यात उरकतो, कारण राजांची कोरीव लेखांत उणीव नाही. गादीवर श्रीन्द्रवर्मन होता. त्याने सासऱ्याचे राज्य बळकावले होते, आणि झोऊच्या माहितीप्रमाणे राजकन्येने बापाची सोन्याची तलवार चोरून नवऱ्याच्या हाती दिली होती. मिरवणुकीत ती तलवार हातात धरून राजा हत्तीवर उभा असे. पुढे भर दिवसा मेणबत्त्या घेतलेल्या शेकडो स्त्रिया, ढाल-भाले घेतलेली स्त्री-अंगरक्षकांची तुकडी, मागे-पुढे छत्रेच छत्रे. हे पाहून झोऊने मान्य केले की राजा म्हणजे काय, ते या लोकांना कळते.

आता इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारायलाच हवा असा प्रश्न : या माणसावर विश्वास किती ठेवावा?

तो चुकतो. महाद्वारांवर पाच मुखे सांगतो, प्रत्यक्षात चार आहेत. ऐकीव गोष्टी पाहिल्यासारख्या सांगतो. पूर्वेच्या सरोवरात पहुडलेल्या बुद्धाची काशाची मूर्ती आहे आणि तिच्या नाभीतून अखंड पाणी वाहते, असे तो लिहितो. पूर्वेच्या सरोवरात तशी मूर्ती सापडली नाही. मात्र १९३६ साली पश्चिमेच्या सरोवरातील बेटावर एका प्रचंड काशाच्या मूर्तीचे अवशेष हाती लागले. ती शेषशायी विष्णूची होती. दिशा चुकली, देव चुकला, आणि तरीही मूर्ती खरी निघाली. ती आज प्नोम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयाची आहे.

बाजाराला साक्ष बायोनच्या भिंती देतात. झोऊच्या सुमारे शंभर वर्षे आधी कोरलेल्या त्या शिल्पपटांत माल मांडून बसलेल्या बायका आहेत, रांधणारी माणसे आहेत, कोंबड्यांच्या झुंजी आहेत. तो सांगतो की प्रत्येक घराचे, नाहीतर दोन-तीन घरांत मिळून एक तळे असते आणि उकाड्यामुळे लोक दिवसातून अनेकदा नाहतात. २०१२ साली हेलिकॉप्टरमधून लेसर किरणांनी जंगलाखालची जमीन मोजली गेली. तटबंदीच्या आत आणि अंगकोर वाटच्या आवारातही सरळ रस्त्यांची जाळी उमटली, घरांचे उंचवटे उमटले, आणि त्या उंचवट्यांच्या मधोमध लहान लहान तळी.

पुस्तकाचे पुढे काय झाले तेही ऐका. आज उपलब्ध आहे ती मूळ ग्रंथाची बरीच त्रोटक प्रत. १८१९ साली तिचे फ्रेंच भाषांतर झाले, १९०२ साली पॉल पेलिओने अधिक चांगले केले. आणि तरीही १८६० मध्ये तेथे गेलेल्या आंरी मूओने अंगकोरचा 'शोध' लावला, असे आपण अजून वाचतो. पॅरिसमध्ये त्या नगराच्या चुली, बाजार आणि तळी छापून तोवर चाळीस वर्षे झाली होती. खुद्द कंबोडियातले भिक्षू तर अंगकोर वाट सोडून कधी गेलेच नव्हते.

एक शेवटचा माणूस. झोऊला भाषा फारशी येत नसावी, मग इतके तपशील त्याला कोणी सांगितले? एका ठिकाणी तो ओझरता उल्लेख करतो : आपल्याच गावचा शुए आडनावाचा एक गृहस्थ, येथे राहून पस्तीस वर्षे झालेला. हिशोब मांडा. शुए निघाला तेव्हा, १२६० च्या आसपास, दक्षिण चीनवर अजून सुंग घराण्याचे राज्य होते. १२७६ मध्ये मंगोलांनी सुंगांची राजधानी घेतली. म्हणजे गावचा माणूस भेटला तो ज्या बादशहाचा दूत होऊन आला होता, त्याचे राज्य शुएने कधी पाहिलेच नव्हते. पस्तीस वर्षांत तो त्या बाजारात कोणत्या चटईशेजारी बसत होता, त्याची बायको काय विकत होती, त्याची मुले कोणती भाषा बोलत होती? त्याने काहीच लिहिले नाही. तोवर त्याला तेथले काही परके वाटत नसावे.